फॅरामिरची खुर्ची

प्रश्न : माझी आठवीतली मुलगी आणि मी, दोघींनी मिळून या उन्हाळ्याच्या सुट्टीत 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' वाचून काढलं. ती इंग्रजीतून, मी मराठी अनुवादातून. रोज रात्री जेवताना कोण कुठवर पोचलं याची हजेरी व्हायची. मग ठरल्याप्रमाणे तिन्ही सिनेमे लागोपाठ पाहिले. दुसऱ्या सिनेमात फॅरामिर आला आणि मुलगी चिडून उठूनच गेली. पुस्तकात तो तिचा सगळ्यात लाडका. तिथे तो अंगठीला हातही लावायला तयार नसतो. सिनेमात मात्र तोच फ्रोडोला कैदी करून अंगठीसकट बापाकडे न्यायला निघतो. इतका चांगला माणूस का बिघडवला? सिनेमावाले सगळ्याच चांगल्या माणसांचं असं करतात का? शिवाय मुलीचा एक पुरवणी प्रश्न आहे : डेनेथॉर टोमॅटो का खातो?
– एक वाचक, सातारा

उत्तर : टोमॅटोचं शेवटी बघू. आधी फॅरामिर.

2002 च्या डिसेंबरात 'द टू टॉवर्स' झळकला, तेव्हा पुस्तक कोळून प्यायलेल्या प्रेक्षकांनी ज्या बदलांवरून बोटं मोडली, त्यांत फॅरामिरचा नंबर फार वरचा होता. मी स्वतः थेटरातून बाहेर पडताना सोबतच्या मित्राला विचारलं होतं, "हा कोण होता रे?" त्याने पुस्तक वाचलेलं नव्हतं. तो म्हणाला, "बोरोमिरचा धाकटा भाऊ. तसाच." या 'तसाच'मध्ये तुमच्या लेकीचं अर्धं दुखणं आलं.

पुस्तकातला तो प्रसंग पुन्हा एकदा काढून बघा, कारण त्यात एक बारकी गोष्ट आहे, ती पहिल्या वाचनात निसटते. इथिलिअनच्या रानात, धबधब्यामागच्या गुहेत, फॅरामिरने फ्रोडो आणि सॅमला पोटभर जेवू घातलं आहे. थोडी वाइनही झाली आहे. सॅमची जीभ सैल सुटते आणि बोलण्याच्या भरात तो नको ते बोलून बसतो : बोरोमिरला शत्रूची अंगठी हवी होती. झालं. जे गुपित फ्रोडोने अख्खी संध्याकाळ शब्द मोजून मापून जपलं, ते एका वाक्यात उघड्यावर. फॅरामिर उठून उभा राहतो. उंच, करारी, डोळ्यांत चमक. स्वतःचा कस दाखवायची संधी आपणहून चालून आली, असं तो बोलूनही दाखवतो. फ्रोडो आणि सॅम ताडकन उठून भिंतीला पाठ लावतात, हात तलवारींच्या मुठी चाचपू लागतात. गुहेतले बाकीचे लोक बोलायचे थांबतात आणि वळून बघतात.

आणि फॅरामिर पुन्हा खुर्चीत बसतो. स्वतःशीच हसतो.

म्हणजे मोह पुस्तकातही आहे. फक्त तो चार-सहा ओळींत उठतो आणि खुर्चीत बसतो. आपल्याला निकाल ऐकायला मिळतो, खटला बघायला मिळत नाही. खटला केव्हाच चालून गेला आहे. हा माणूस पोथ्या-पुस्तकांत रमणारा, गॅंडाल्फच्या पायाशी बसून जुन्या गोष्टी शिकलेला. लढतो, पण लढाईचं कौतुक नाही त्याला. थोरल्या भावावर जीव आहे आणि त्या भावाची कमजोरीही ठाऊक आहे. अंगठी समोर यायच्या कितीतरी आधी त्याचं उत्तर तयार आहे. टॉल्किनने आपल्याला ते तयार उत्तर दाखवलं, आणि ते कसं तयार झालं याच्या खुणा त्याच्या बोलण्यात जागोजागी पेरून ठेवल्या.

सिनेमाला हे परवडत नाही, आणि त्याचं मुख्य कारण फॅरामिर नाहीच. कारण आहे अंगठी.

पडद्यावर ही अंगठी म्हणजे काय, याचा जरा विचार करा. सोन्याचं एक साधं वळं. खडा नाही, तापवल्याशिवाय अक्षरंही नाहीत. फार तर पार्श्वसंगीतात थोडी कुजबुज. पुस्तकात टॉल्किन तिचं वजन आपल्याला सांगू शकतो : फ्रोडोच्या मानेला ती कशी काचते, त्याच्या डोळ्यांसमोर जळतं चाक कसं फिरत राहतं. कॅमेऱ्याला वजन दिसत नाही. त्याला चेहरे दिसतात. म्हणून अंगठीची ताकद दाखवायची तर कुणाचा तरी चेहरा खर्ची घालावा लागतो.

हे किती सुंदर जमू शकतं याचा नमुना पहिल्याच सिनेमात आहे, आणि गंमत म्हणजे तो प्रसंग पुस्तकात नाही. कॅराध्रासच्या बर्फाच्या उतारावर फ्रोडो गडगडत खाली येतो. उठून गळा चाचपतो तर साखळी नाही. अंगठी बर्फात पडलेली. बोरोमिर ती साखळीला धरून उचलतो आणि बघत राहतो. एवढीशी वस्तू आणि हिच्यापायी एवढी धास्ती, असं काहीतरी पुटपुटतो. ॲरागॉर्न हाक मारतो. बोरोमिर भानावर येतो, फ्रोडोला अंगठी परत देतो, हसून त्याचे केस विस्कटतो. आपण सुटकेचा श्वास सोडणार तोच कॅमेरा ॲरागॉर्नच्या हाताकडे जातो. तो हात आत्ता कुठे तलवारीच्या मुठीवरून निघतो आहे. मिनिटभराचा खेळ. अंगठी काय आहे, बोरोमिर काय आहे, ॲरागॉर्नने किती ओळखलं आहे, तिन्ही कळलं आणि व्याख्यान कुणीच दिलं नाही.

बोरोमिरचं पात्र सिनेमाने उजळलं, असं माझं स्पष्ट मत आहे. पुस्तकातला बोरोमिर शूर आणि ताठ. त्याच्याबद्दल आदर वाटतो, माया थोडी उशिरा येते. सिनेमात तो मेरी आणि पिपिनला तलवार शिकवताना दिसतो, ते दोघं त्याला लोळवतात आणि तो खदखदून हसतो. हाही प्रसंग पदरचा. त्याचा मृत्यूही पुस्तकात आपण घडताना बघत नाही. 'द टू टॉवर्स'च्या सुरुवातीला ॲरागॉर्न धावत पोचतो तेव्हा तो बाणांनी विंधलेला, झाडाला टेकून बसलेला असतो. सिनेमाने ते मरण पहिल्या भागाच्या शेवटी आणलं आणि एकेक बाण लागताना दाखवला. ज्या दोन पोरांना तलवार शिकवली त्यांच्यासाठी तो उभा आहे. शॉन बीनचा गुडघा टेकतो आणि तो पुन्हा उठतो, तेव्हा मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिलेला मला अजून आठवतो.

आता फॅरामिर कुठे अडकला ते सोपं जाईल. पहिला भाग संपला तेव्हा प्रेक्षकाला पढवून ठेवलं आहे : ही अंगठी भल्याभल्यांना खाते. गॅंडाल्फ तिला शिवायला घाबरतो, गॅलाड्रिएल क्षणभर भयानक होऊन मग सावरते, बोरोमिर बळी जातो. आणि दुसऱ्या भागात रानातून एक अनोळखी माणूस येतो आणि म्हणतो, मला नको. पटकथा लिहिणाऱ्यांपैकी एक, फिलिपा बॉयेन्स, हिने डीव्हीडीवरच्या गप्पांत हेच कारण दिलं आहे : फॅरामिरने सहज नकार दिला असता तर तोवर उभी केलेली अंगठीची सगळी दहशत तिथेच फुस्स झाली असती.

कारण खोटं नाही. पण त्याला उत्तर त्यांच्याच पहिल्या सिनेमात आहे. शेवटाकडे फ्रोडो ॲरागॉर्नसमोर तळहात उघडून अंगठी धरतो. ॲरागॉर्न गुडघ्यावर बसतो आणि फ्रोडोची बोटं हलकेच मिटवून टाकतो. तिथे कुणाला वाटलं का की अंगठी फुसकी आहे? उलट तो माणूस मोठा वाटला. म्हणजे नकारही पडद्यावर खेळवता येतो. फक्त तो माणूस प्रेक्षकाच्या ओळखीचा व्हायला वेळ लागतो, आणि फॅरामिरच्या वाट्याला तो वेळ नव्हता.

त्याहून मोठी अडचण निव्वळ वेळापत्रकाची होती, आणि इथे मी पटकथाकारांच्या बाजूने थोडा झुकतो. पुस्तकात 'द टू टॉवर्स'चा शेवट होतो शेलॉब नावाच्या अजस्र कोळी-मादीच्या गुहेत. पण टॉल्किनने परिशिष्टात दिलेली तारीखवार जंत्री बघा. हेल्म्स डीपची लढाई 3 मार्चच्या रात्रीची. फ्रोडोची फॅरामिरशी गाठ 7 मार्चला. शेलॉबचा हल्ला 13 च्या आसपास, आणि मिनास तिरिथसमोरची मोठी लढाई 15 मार्चला. पुस्तक अर्धा भाग एका टोळीबरोबर आणि उरलेला अर्धा दुसऱ्या टोळीबरोबर चालतं, म्हणून हे दिवस वाचताना आड येत नाहीत. सिनेमात दोन्ही कथा आलटून पालटून दाखवायच्या, म्हणजे शेलॉब आपोआप तिसऱ्या भागात सरकली. मग दुसऱ्या भागात फ्रोडो आणि सॅमच्या वाट्याला उरलं काय? दलदल, बंद दरवाजा, सशाचा रस्सा आणि गुहेतल्या सभ्य गप्पा. तिकडे हेल्म्स डीपला हजारो ओर्क तटाला शिड्या लावत असताना इकडे नायक जेवून, आशीर्वाद घेऊन, काठ्या घेऊन मार्गस्थ होतो, हे चाललं नसतं. त्या जागी अडथळा हवा होता. हाताशी जो माणूस होता त्याचाच अडथळा केला.

म्हणून फॅरामिर त्यांना ऑस्गिलिअथला नेतो. पुस्तकात ते दोघं तिथे कधीच जात नाहीत. आणि सिनेमात त्या पडक्या शहरात सॅम फ्रोडोला सांगतो की खरं पाहता आपण इथे असायलाच नको होतं. लिहिणाऱ्यांनी आमच्यासारख्या पोथीवाल्यांना मारलेला तो डोळा आहे, असा माझा पक्का संशय आहे.

खुर्चीचं काय झालं तेही बघा. सिनेमातही गुहा आहे, तो क्षण आहे, आपला कस दाखवण्याचं ते बोलणंही आहे. पण इथे फॅरामिर तलवारीच्या टोकाने फ्रोडोच्या गळ्यातली अंगठी अलगद उचलून बघतो. पुस्तकात जे वाक्य तो स्वतःची थट्टा म्हणून बोलतो, ते इथे धमकी होऊन येतं.

तुम्ही विचारलंत, सगळ्याच चांगल्या माणसांचं असं करतात का. या तीन सिनेमांत तरी हो, आणि एकदा लक्षात आलं की दिसतच राहतं. पुस्तकात ज्यांचं ठरलेलं आहे, त्यांचं ठरणं सिनेमा काढून घेतो आणि मग सगळ्यांसमोर पुन्हा ठरवायला लावतो. ट्रीबीअर्ड आणि त्याचे वृक्ष-बांधव पुस्तकात तीन दिवस सभा भरवून स्वतःहून युद्धाला निघतात. सिनेमात सभा नकार देते आणि पिपिन म्हाताऱ्याला युक्तीने तोडलेल्या झाडांकडे नेतो, तेव्हा कुठे राग येतो. (हजारो वर्षं ते रान राखणाऱ्याला रानाची एक बाजू साफ झालेली कळली नाही, हे मला आजही पचलेलं नाही.) थिओडेन राजा एकदा बरा झाल्यावर पुस्तकात घोड्यावर बसतो तो बसतोच. सिनेमात गोंडोरच्या मदतीला का जावं म्हणून कुरकुरतो.

आणि ॲरागॉर्न. पुस्तकात ब्रीच्या खानावळीत भेटतो तेव्हापासून मोडक्या तलवारीचे तुकडे त्याच्याजवळ आहेत, आणि रिव्हेंडेलहून निघायच्या आधी ती पुन्हा घडवली जाते. राजा व्हायचं हे त्याचं ठरलेलं. त्याला शंका येतात, नाही असं नाही. गॅंडाल्फ गेल्यावर कुठल्या वाटेने जावं कळत नाही, बोरोमिर मेल्यावर आजचा दिवस आपण मातीत घातला म्हणून स्वतःला बोल लावतो. पण त्याची शंका वाटेबद्दल असते, स्वतःबद्दल नसते. सिनेमातल्या ॲरागॉर्नला आपल्या रक्ताचीच भीती वाटते. पूर्वज अंगठीपुढे हरला, मीही हरेन. मुकुट नको म्हणून तो रानोमाळ फिरतो आहे. तलवार त्याला तिसऱ्या भागात एल्रॉन्ड आणून देतो, जवळजवळ हातात कोंबतो. व्हिगो मॉर्टेन्सनने तो संकोच इतका मनापासून केला आहे की तक्रार करायला जीभ उचलत नाही. तरी माझा एक आक्षेप उरतो. हल्लीच्या पटकथेत माणूस मोठा दाखवायचा म्हणजे आधी त्याचा स्वतःवर विश्वास नाही असं दाखवायचं, ही एक ठरीव रीत होऊन बसली आहे. आपल्या ओळखीत अशी माणसं नसतात का, ज्यांचं विशीतच ठरून गेलेलं असतं आणि जी आयुष्यभर नुसती त्याप्रमाणे वागत राहतात? त्यांच्यात नाट्य कमी असेल, पण ती खोटी नसतात. फॅरामिर त्यातला होता.

टॉल्किनचा त्याच्यावर विशेष जीव होता. 1944 च्या मे महिन्यात, दुसरं महायुद्ध चालू असताना, त्याने लांब असलेल्या मुलाला, ख्रिस्तोफरला, पत्रातून कळवलं की गोष्टीत एक नवाच माणूस आला आहे. आपण त्याला घडवला नाही, तो हवाही नव्हता, इथिलिअनच्या रानातून आपला चालत आला. पुढे आणखी एका पत्रात त्याने म्हटलं की माझ्यासारखं कुणी पात्र असेलच तर ते फॅरामिर, फक्त त्याचं धाडस माझ्यात नाही. ज्या माणसाने 1916 साली सॉमचे खंदक पाहिले त्याने हे लिहावं! सगळा देश बुडवणाऱ्या प्रचंड लाटेचं स्वप्न टॉल्किनला वरचेवर पडायचं. ते त्याने पुस्तकात फॅरामिरला देऊन टाकलं. सिनेमाच्या लांब आवृत्तीत ते स्वप्न आहे, पण पडतं एओविनला.

लांब आवृत्तीवरून आठवलं. तुम्ही थेटरातली आवृत्ती पाहिली की डीव्हीडीवर नंतर आलेली? दुसऱ्या आवृत्तीत एक मागचा प्रसंग आहे. बोरोमिर जिवंत आहे, ऑस्गिलिअथ जिंकलं आहे, दोघे भाऊ हसत खेळत पेले भरतायत, आणि बाप येतो. थोरल्याला मिठी, धाकट्याकडे तुच्छतेची नजर. तेवढ्या चार मिनिटांत फॅरामिर अंगठी का नेऊ बघतो ते कळतं. त्याला सत्ता नको आहे, बापाची शाबासकी हवी आहे. हा प्रसंग थेटरात कापला गेला, आणि सगळ्यात मोठा अन्याय तिथे झाला असं मला वाटतं. बदललेला फॅरामिर एक वेळ चालेल, पण बदलाचं कारण कापून टाकलेला फॅरामिर म्हणजे नुसता आडमुठा शिपाईगडी. मुलीला ती आवृत्ती दाखवा. ती माफ करेल असं नाही, पण निदान उठून जाणार नाही.

फॅरामिरबद्दल मी अर्धी माफी दिली आहे. जिथे मुळीच देणार नाही ती जागा वेगळी, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही याचं आश्चर्य वाटलं.

किरिथ उंगोलच्या जिन्यावर, शेलॉबच्या गुहेच्या थोडं अलीकडे, फ्रोडो सॅमच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला आहे. सॅमलाही बसल्या बसल्या डुलकी लागली आहे, एक हात फ्रोडोच्या कपाळावर. गॉलम परत येतो. या दोघांना कोळ्याच्या तोंडी द्यायचं कारस्थान करूनच येतो. आणि त्या दोघांना तसं झोपलेलं बघून थांबतो. डोळ्यांतली हिरवी चमक विझते. एकदा मागे खिंडीकडे बघतो, मान हलवतो, स्वतःशीच वाद घातल्यासारखा. मग हळूच, चाचरत, हात पुढे करून फ्रोडोच्या गुडघ्याला स्पर्श करतो. कुणी त्या वेळी पाहिलं असतं तर एक थकलेला, सगळे सगेसोयरे मागे राहून गेलेला म्हातारा दिसला असता. फ्रोडो झोपेत हलतो, सॅम जागा होतो, आणि मालकाच्या अंगाला झोंबणारा गॉलम बघून खेकसतो. पुरे. चमक परत येते. टॉल्किनने नंतर एका पत्रात लिहिलं की आपल्या लेखी सगळ्या कथेतला कदाचित हाच सर्वांत शोकांत क्षण. दुष्टाचं मन वळत आलं होतं आणि ते परत फिरवलं कथेतल्या सगळ्यात भल्या माणसाने, नकळत, प्रेमापोटीच.

सिनेमात या जागी काय आहे? गॉलम त्यांची भाकरी दरीत फेकतो आणि झोपलेल्या सॅमच्या अंगरख्यावर चुरा भुरभुरतो. सकाळी बोंब : जाड्याने खाल्ली! फ्रोडो खरं मानतो आणि सॅमला घरी जा म्हणतो. आणि सॅम जातो. मॉर्डोरच्या तोंडाशी, शत्रूच्या गडाखालून, एकटा, घरी. सासू-सुनेच्या मालिकेत दुधात मीठ टाकतात त्या जातीचं हे कारस्थान. यात गॉलम नुसता लबाड उरतो, फ्रोडो भोळसट होतो, आणि सॅमची चूक, जी त्याला माणूस करत होती, ती पुसलीच जाते. अँडी सर्किससारखा नट हाताशी असताना! ज्याने एकट्याने दोन आवाजांत स्वतःशी भांडून दाखवलं, त्याला त्या गुडघ्यावरच्या स्पर्शासाठी तीस सेकंद पुरली असती. कॅमेऱ्याला चेहरेच हवे होते ना? इथे टॉल्किनने चेहरा आयता लिहून ठेवला होता.

बदलाला कारण असणं आणि नसणं, यांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. अर्सुला ले ग्विनच्या 'अर्थसी'वर 2004 साली अमेरिकन दूरचित्रवाणीसाठी मालिका झाली. पुस्तकातला गेड तांबूस-तपकिरी कातडीचा, त्या जगातले बहुतेक लोक सावळे-काळे. मालिकेत गेड गोरा. त्यामागे कथेची कुठली अडचण नव्हती. लेखिका हयात होती, तिने जाहीर लेख लिहून खरडपट्टी काढली. टॉल्किनलाही 1958 साली एक अमेरिकन पटकथा वाचायला मिळाली होती. त्याने समासात आणि पत्रात तिची अशी काही चिरफाड केली की वाचून लिहिणाऱ्याची दया येते. काटछाटीला त्याची तक्रार नव्हती. लांबी कमी करायला अख्खा प्रसंग गाळा, पण ठेवलेला प्रसंग विद्रूप करू नका, असा त्याचा एकूण सूर. मूळ गोष्टीचा गाभा कुठे आहे ते न कळल्यामुळे भरमसाट वाढवणं आणि नसतं घुसवणं होतं, असं त्याचं निदान होतं. फॅरामिरला तो काय म्हणाला असता ते मी सांगू शकत नाही. भाकरीच्या चुऱ्याला काय म्हणाला असता, ते तुम्हीही ओळखाल.

राहिला डेनेथॉर. पुस्तकातला हा बाप कठोर आहे, पक्षपाती आहे, पण मूर्ख नाही. समोरच्याच्या मनातलं ताडणारा, गॅंडाल्फशी बरोबरीने बोलणारा. म्हातारपणाने अंग मऊ पडू नये म्हणून झोपतानाही चिलखत घालणारा. रोहानकडे मदतीचा निरोप त्याने आधीच धाडला आहे, डोंगरांवरचे इशाऱ्याचे जाळही त्याच्याच हुकमाने पेटले आहेत. तो मोडतो ते एका जादूच्या गोळ्यामुळे. त्यात बघता बघता शत्रू त्याला निवडून निवडून खरंच दाखवतो, पण असं की आशाच संपावी. सिनेमाने गोळा काढला, जाळ पेटवायला पिपिनला चोरून चढवलं, आणि उरला एक खाष्ट, हेकट म्हातारा. जॉन नोबल नट चांगला, पण शहाणा माणूस खचताना दाखवायची संधीच त्याला दिली नाही.

त्याचा उतारा म्हणूनच बहुधा तो टोमॅटोचा प्रसंग आला, आणि तो मात्र फार ताकदीचा आहे हे मान्य करायला हवं. धाकट्या मुलाला मरायला पाठवून बाप जेवायला बसतो. पिपिनला गायला सांगतो. बिली बॉइडने ती चाल स्वतःच बांधली आहे. इकडे घोडे दौडतायत, तिकडे डेनेथॉर कोंबडीची हाडं मोडतो, छोटे लाल टोमॅटो दाताखाली फोडतो आणि रस हनुवटीवरून ओघळतो. तुमच्या लेकीच्या प्रश्नाचं एक उत्तर हेच : रक्त न दाखवता रक्त दाखवायचं होतं.

दुसरं उत्तर तिला जास्त आवडेल. 1937 च्या 'हॉबिट'मध्ये गॅंडाल्फ बिल्बोच्या घरी चहापानाच्या वेळी थंड कोंबडी आणि टोमॅटो मागतो. 1966 च्या सुधारित आवृत्तीत टॉल्किनने ते टोमॅटो काढले. टोमॅटो मूळचा अमेरिकेचा, जुन्या वळणाच्या त्या जगात तो शोभत नव्हता, हेच कारण असणार. सॅमचे बटाटे मात्र राहिले, आणि तंबाखूही. कोंबडीबरोबर टोमॅटोच्या जागी त्याने काय ठेवलं, ते तिला सांगा : लोणचं.